संपूर्ण बायबल पहिल्यांदाच वाचायला घेताना

आधी एक काम करा. घरातलं बायबल न उघडता हातात घ्या आणि पानांची कड बघा. आपल्याकडच्या जुन्या मराठी बायबलांच्या कडा बहुधा लाल असतात. माझ्या आईच्या बायबलाची कड स्तोत्रसंहितेपाशी पार फिकट झाली आहे. चार शुभवर्तमानांपाशीही बोटांनी लाल रंग पुसून नेलाय. पण यशया संपला की पुढे यिर्मया, यहेज्केल आणि जुन्या करारातली ती शेवटची बारा छोटी पुस्तकं, तिथला लाल पट्टा दुकानातून आणला तसाच आहे. आई रोज वाचायची, न चुकता. नगर जिल्ह्यातल्या गावात वाचायची आणि आम्ही कोपरखैरण्याला सिडकोच्या घरात आलो तेव्हाही वाचायची. तिच्या विश्वासाबद्दल बोलण्याची माझी लायकी नाही. तरी बायबलचा एवढा मोठा भाग तिला कधी भेटलाच नाही, याची मला हळहळ वाटते, कारण तिची लाडकी वचनं मूळची राहणारी तिथलीच होती.

एकच उदाहरण देते. यिर्मया २९:११ आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतं. देवाच्या मनातले आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे ते वचन. भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं, दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री फोनवर येतं. आता तोच अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. ते एक पत्र आहे, बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यरुशलेमहून आलेलं. लवकर सुटका होईल असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, असं त्यात आहे. घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आणि अकराव्या वचनाच्या अगदी आधी, दहाव्यात, सत्तर वर्षांची मुदत. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बरेचजण परत जाणारच नव्हते. ‘गाव ते गाव’ म्हणत, मनानं तिकडेच राहून नवी मुंबईत वीस-पंचवीस वर्षं काढलेली आमच्यासारखी किती घरं आहेत! हा अध्याय सलग वाचला त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ते वचन मुलाखतीला जाताना खिशात ठेवायचा ताईत नाही. ते परक्या शहरात मुळं धरायला सांगणारं पत्र आहे. वचन त्यामुळे लहान झालं नाही. उलट त्याचं वजन वाढलं.

संपूर्ण बायबल का वाचायचं, याला माझ्याकडे याहून मोठं उत्तर नाही. सुटी वचनं खरीच आहेत, पण ती कुणाला, कधी, कशासाठी सांगितली गेली हे कळलं की ती आपल्याशी वेगळ्या आवाजात बोलतात.

कुठलं बायबल घ्यायचं

जे घरात आहे ते. नवीन घ्यायचंच असेल तर अक्षर मोठं बघून घ्या; वर्षभर वाचायचंय, डोळ्यांना त्रास नको. बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ आपल्या उपासनेत वाचलं जातं, त्याची भाषा थोडी जुनी असली तरी कानाला ओळखीची आहे. ती जड जात असेल तर सोप्या मराठीतलं भाषांतर जोडीला ठेवा आणि अडलेला परिच्छेद दोन्हीकडे वाचा. फोनवर मराठी बायबलची फुकट ॲप आहेत, काहींत ऐकण्याचीही सोय आहे. कॅथलिक वाचकांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, प्रॉटेस्टंटांच्या ६६. तोबीत, मक्काबी वगैरे पुस्तकं जास्तीची. तुमच्या मंडळीत जे वाचतात तेच घ्या, म्हणजे शंका विचारायला माणसं मिळतील.

आपल्या हातात हे पुस्तक मराठीत आहे, हीसुद्धा साधी गोष्ट नव्हे. याच ठाण्यात १३२१ साली चार ख्रिस्ती मिशनरी विश्वासापायी मारले गेले, तेव्हा मराठीत बायबलचं पानसुद्धा नव्हतं. बंगालमधल्या सेरामपूरहून मराठी नवा करार छापून आला तो १८११ साली. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवलं. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशन संस्थेतल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले, छपाई केली. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि ते बायबल १९२४ साली पूर्ण छापून आलं. एका बाईनं आयुष्याची शेवटची वर्षं ज्या पानांवर घालवली, त्यातली अर्धी पानं आपण उघडूही नयेत हे मनाला पटत नाही.

हिशोब मांडून घ्या

६६ पुस्तकांत मिळून ११८९ अध्याय आहेत. जुन्या करारात ९२९, नव्यात २६०. सोमवार ते शनिवार रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच वाचले तर आठवड्याला २३ होतात, आणि ५२ आठवड्यांत ११९६. म्हणजे वर्षात पुस्तक पुरं होतं. कॅथलिक बायबलसाठी रोज चार धरा. रविवारच्या मिस्सेत जे वाचन होतं ते तीन वर्षांच्या चक्रानं फिरतं, पण त्यातूनही सगळं बायबल येत नाही. घरी वाचावंच लागतं.

तीन अध्यायांना पंधरा मिनिटं लागतात, कधी वीस. एवढंही जमणार नसेल तर पहिल्या वर्षी फक्त नवा करार घ्या. आठवड्यातले पाच दिवस रोज एक अध्याय, ५२ आठवडे, बरोबर २६०. शनिवार-रविवार मोकळे.

वेळ ठरवताना ‘सकाळी उठून’ असं मोघम ठरवू नका. रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला वाचन बांधा. मी ते गाडीला बांधलं. कोपरखैरण्याहून ठाण्याला जाणारी ट्रान्स-हार्बर वीस-बावीस मिनिटं घेते. घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव. घणसोलीला पहिला अध्याय सरलेला असतो. ऐरोलीला गर्दी आत शिरली की उभ्यानं, पुस्तक छातीशी धरून. गाडीत वाचताना मला नेहमी प्रेषितांची कृत्ये ८ मधला तो कूशी (इथियोपियाचा) अधिकारी आठवतो. रथात बसून प्रवासात यशया वाचतोय, मोठ्यानं. फिलिप्प विचारतो, वाचताय ते समजतंय का? तो सरळ सांगतो, कुणी समजावल्याशिवाय कसं समजणार? राणीच्या खजिन्यावरचा माणूस, पण ‘मला समजत नाही’ म्हणायला लाजला नाही. नवीन वाचणाऱ्यानं एवढं त्याच्याकडून घ्यावं.

कुठून सुरुवात करायची

पहिल्या पानापासून करू नका, असं माझं मत आहे. काही पाळकांना ते पटणार नाही. पण आधी येशूला भेटून मग मागे जाणं नवख्याला सोपं पडतं. मार्काचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं आहे, एखाद्या रविवारी दुपारी दीड तासात संपतं. ते एका बैठकीत वाचा. मग उत्पत्ती आणि निर्गम.

त्यानंतर छापील क्रमानंच गेलं पाहिजे असं नाही. बायबलमधली पुस्तकं कपाटात विषयवार रचल्यासारखी आहेत: नियमशास्त्र, इतिहास, काव्य, संदेष्टे. त्यामुळे राजे एका कप्प्यात आणि त्यांना खडसावणारे संदेष्टे दुसऱ्या. २ राजे १४ मध्ये यराबामाचं नाव आलं की आमोस आणि होशेय वाचून घ्या. हिज्कीयापाशी, २ राजे १८ ते २० ला, यशया उघडा. तिथले ३६ ते ३९ हे अध्याय जवळजवळ तेच सांगतात. योशीयापासून यरुशलेम पडेपर्यंत यिर्मया. एज्रा ५ मध्ये हाग्गय आणि जखऱ्या ही नावं आली की त्यांची पुस्तकं. पौलाची पत्रंही अशीच वाचता येतात. कृत्ये १६ मधला फिलिप्पैचा तुरुंग, मध्यरात्रीची ती गीतं आणि हादरलेला तुरुंगाधिकारी डोळ्यांसमोर असताना फिलिप्पैकरांचं पत्र घ्या. तुरुंगातूनच लिहिलेल्या त्या पत्रातला ‘आनंद करा’ मग पोकळ वाटत नाही.

तीनांतला एक अध्याय पहिले पाच महिने स्तोत्रांचा ठेवा. १५० स्तोत्रं, रोज एक. ११९वं मात्र १७६ वचनांचं आहे, ते तीन-चार दिवसांत वाटून घ्या.

अध्यायाचा आकडा आला म्हणून थांबायचीही गरज नाही. ते आकडे मूळ लेखकांचे नाहीत. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले, नव्या करारातले वचनांचे आकडे तर १५५१ सालचे. यशया ५३ खरं म्हणजे ५२:१३ पासूनच सुरू होतं. गोष्ट जिथे संपते तिथे थांबा.

लेवीयात अडाल, तेव्हा

जवळजवळ सगळे इथेच अडतात. निर्गमाचा पूर्वार्ध भराभर जातो, मग निवासमंडपाची मापं येतात आणि मग लेवीय हे पुस्तक: होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण. मीही दोनदा इथूनच मागे फिरले होते. तिसऱ्यांदा मी लेवीय मोठ्यानं वाचलं आणि शेजारी इब्री लोकांस पत्राचे ७ ते १० अध्याय उघडे ठेवले. लेवीय १६ मधला प्रायश्चित्ताचा दिवस वाचला की इब्री ९ वाचायचं. महायाजक वर्षातून एकदाच पडद्याआड का जातो आणि रक्ताशिवाय का जात नाही, हे आधी मनात बसलेलं असलं म्हणजे ख्रिस्त ‘एकदाच’ आत गेला, या शब्दापाशी माणूस थबकतो.

पण मला लेवीय खरं उघडलं ते बाराव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनानं. बाळंतिणीनं शुद्धीकरणासाठी वर्षाचं कोकरू आणायचं आहे. ते आणण्याची ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. वाचून पुढे गेले. काही महिन्यांनी लूक २:२४ आलं. मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन मंदिरात आलेत आणि अर्पण काय आणलंय? होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्लं. मी हे नाताळात शंभर वेळा ऐकलं होतं. कोकरू कुठे गेलं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. लूक तर तसं म्हणतही नाही की ही माणसं गरीब होती. लेवीय वाचलेल्यालाच ते दिसतं. त्या दिवशी मी ठाणे स्टेशनवर उतरून जिन्यापाशी तशीच उभी राहिले होते. माझ्या आईनं बाळंतपणानंतर देवळात अर्पण द्यायला शेजारणीकडून उसने पैसे घेतले होते, ही गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली होती, फार खालच्या आवाजात. प्रभूची आईसुद्धा त्याच रांगेतली होती, हे आईला कळायला हवं होतं.

लेवीय १९ तर सावकाश वाचा. ‘आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’ ही आज्ञा मूळ तिथली, अठराव्या वचनातली. त्याच अध्यायात शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नका, पडलेला सरवा गरिबाला आणि परक्याला राहू द्या, असं आहे. आपल्याकडे ज्यांनी बाजरीच्या रानात सरवा वेचलाय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मग रूथ २ वाचा: परकी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचते आहे. कायदा एका पुस्तकात, त्या कायद्यावर जगलेली बाई दुसऱ्यात, आणि तिचं नाव मत्तय १ मध्ये प्रभूच्या वंशावळीत.

असे धागे पुढे भेटतच जातात. योहान ३:१६ सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच्या दोन वचनं आधी प्रभू निकदेमाला मोशेनं उंच केलेल्या सापाची आठवण देतो. तो साप गणना २१ मध्ये आहे. मत्तय ४ मध्ये सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरं ‘अनुवाद’ या पुस्तकातली आहेत. वधस्तंभावरची ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ ही आरोळी २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे.

नावांच्या याद्या

यहोशवा १३ ते २१ मध्ये जमिनीची वाटणी, एज्रा २ मध्ये परतलेल्यांची यादी, १ इतिहासाचे पहिले नऊ अध्याय नुसती वंशावळ. बहुतेकजण ही पानं उलटून टाकतात. नवी मुंबईत राहणाऱ्यानं तरी तसं करू नये.

घणसोलीला आमच्या ओळखीचे एक आगरी काका आहेत, ख्रिस्ती नाहीत. शहर वसवायला त्यांच्या गावची जमीन गेली. त्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी त्यांनी जपलेली फाईल एकदा मला दाखवली. सातबारा उतारे, वारसनोंदी. आजोबांच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, “हे नाव इथं नसतं ना ताई, तर आमी या गावचे हे सांगायला काय होतं आमच्याकडं?” घरी आल्यावर मी एज्रा २ पुन्हा उघडलं. बाबेलहून परत आलेल्या काही याजकांनी वंशावळीत आपली नावं शोधली, ती सापडली नाहीत, म्हणून त्यांना याजकपणापासून दूर ठेवलं (२:६२). सगळं जळून गेल्यावर आपण कोण आणि कुठले, हे सांगायला त्या लोकांपाशी या याद्याच उरल्या होत्या. तेव्हापासून मी त्या वाचते, भरभर वाचते, पण वाचते.

जिथे मन मागे सरतं

काही पानं फार जड आहेत. शास्ते १९ वाचून मी दोन दिवस पुस्तक हातात घेतलं नाही. एका स्त्रीवर झालेला तो अत्याचार पवित्र शास्त्रात का आहे, हे मी आमच्या पाळकसाहेबांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, प्रश्न विचारला: “ती बाई कुठल्या गावची?” बघितलं तर बेथलेहेमची. “आता रूथ वाच. काळ तोच, शास्त्यांचा. गावही तेच.” एकाच गावची एक मुलगी कुणीच न वाचवलेली, आणि त्याच गावात आलेल्या एका परकीला आसरा मिळालेला. मला यानं पूर्ण समाधान झालं असं म्हणणार नाही, पण पुढे वाचता आलं. शास्ते हे पुस्तक त्या कृत्यांची भलामण करत नाही. ज्याला जे बरं दिसे ते तो करी, अशी शेवटी नोंद करून थांबतं. १३७व्या स्तोत्राचा शेवट, १ शमुवेल १५ मधला संहार, हेही असेच. ही पानं वगळू नका आणि त्यांवर घाईनं गोड अर्थही चिकटवू नका. वहीत प्रश्न लिहून तारीख टाका. काहींची उत्तरं दोनशे पानांनी येतात, काही प्रश्न तसेच राहतात.

वही साधी शंभर पानी पुरते. रोज एक ओळ: काय कळलं, किंवा काय कळलं नाही.

सोबत घ्या, आणि दिवस बुडाला तर

एकट्यानं वर्ष काढणं कठीण आहे. एक माणूस शोधा: नवरा, बायको, मुलगी, मंडळीतली एखादी मावशी. रोज फक्त एवढंच कळवायचं की आज कुठपर्यंत आलात. मी आणि तुर्भ्याची एक मैत्रीण एकमेकींना नुसता आकडा पाठवतो. ‘यहेज्केल ३७’ असा आकडा आला की मला कळतं, ती आज सुक्या हाडांच्या खोऱ्यात आहे. घरात लहान मुलं असतील तर कुटुंबप्रार्थनेत त्या दिवसाचा एक अध्याय मोठ्यानं वाचा. नहेम्या ८ मध्ये एज्रानं पहाटेपासून दुपारपर्यंत वाचलं, लेवी समजावून सांगत होते, आणि ऐकणारे रडले. हे वचन मुळात कानांसाठीच होतं.

दिवस बुडणारच. आजारपण, पाहुणे, लेकराची परीक्षा. बुडालेले अध्याय एका रात्रीत भरून काढायला बसू नका, त्यानेच वाचन सुटतं. खूण जिथे आहे तिथून पुढे चला. वर्षाचं सव्वा वर्ष झालं तरी कुणी हजेरी घेत नाही. माझं पहिलं वाचन एकोणीस महिन्यांनी संपलं.

प्रकटीकरण २२ संपलं की पुस्तक लगेच मिटू नका. त्याच बैठकीत उत्पत्ती २ आणि ३ पुन्हा वाचा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा जीवनाच्या झाडाकडची वाट बंद झाली होती, तिच्यावर पहारा बसला होता. आता तेच झाड नदीच्या दोन्ही काठांवर उभं आहे आणि त्याची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. मग मागच्या कोऱ्या पानावर तारीख लिहा. मी आईच्याच बायबलात लिहिली, तिच्या सहीच्या खाली. सध्या दुसरं वाचन चाललंय. काल रात्री कड बघितली, यिर्मयापाशी लाल रंग थोडा उतरायला लागलाय.